मांडव, व्हीसीडी आणि मोबाईल: इंडोनेशियातल्या लोकरंजनाविषयी

पूर्वकिनारा (धागालेखक)

इंडोनेशियातल्या ऑनलाइन व्हिडिओंविषयी आपल्याकडे जे थोडेफार छापून येते, त्यात आकड्यांचीच चलती असते. लोकसंख्या २८ कोटींच्या घरात, टिकटॉकने २०२३ साली स्वतः सांगितलेली तिथल्या वापरकर्त्यांची संख्या साडेबारा कोटी, वगैरे. पण हे कोट्यवधी लोक पाहतात तरी काय आणि तसे पाहण्याची सवय त्यांना कुठून लागली, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. माझे म्हणणे असे आहे की निदान जावा बेटापुरते तरी मोबाईलवरच्या व्हिडिओचे बहुतेक रीतिरिवाज लग्नाच्या मांडवातच ठरून गेले होते. यूट्यूब आणि टिकटॉक यांनी त्यांना मोठे मैदान मिळवून दिले, इतकेच. याला आक्षेप घेता येतील याची कल्पना आहे, म्हणूनच लेख न लिहिता धागा काढला आहे.

पूर्व जावात घरी लग्न किंवा सुंता असली की यजमान ऐपतीप्रमाणे दंगडूतचा वाद्यवृंद बोलावतो. दंगडूत हा तिथला सर्वांत लोकप्रिय संगीतप्रकार असून त्याचा ठेका तबल्याच्या जातकुळीतल्या वाद्यावर धरला जातो, आणि पूर्व जावात त्याचा जो जलद, नाचरा अवतार १९९० च्या दशकात रुजला त्याला कोप्लो म्हणतात. मंच कधी रस्त्यातच उभारतात, कधी कापणी झालेल्या शेतात. गायिका आळीपाळीने येतात, आणि मधूनच प्रेक्षकांतला एखादा गृहस्थ मंचावर चढून गायिकेसमोर नाचता नाचता तिच्या हातात नोटा ठेवू लागतो. या प्रथेला ‘सावेर’ म्हणतात. तमाशातली दौलतजादा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती निराळी समजावून सांगायला नको. नोटा मोठ्या नसतात. दोन हजार किंवा पाच हजार रुपियांच्या, मुद्दाम सुट्या करून आणलेल्या असतात. त्या एकदम दिल्या तर सगळी मजाच संपली. एकेक नोट सावकाश पुढे करायची, प्रत्येक नोटेसरशी ठेका थोडा वाढवून घ्यायचा आणि आपण देत आहोत हे सगळ्या गावाला दिसू द्यायचे, हा त्यातला खरा आनंद. गायिका किंवा निवेदक गाण्याच्या ओघात देणाऱ्याचे नाव पुकारतो, त्याचे तर मोल वेगळेच.

याच मंचासमोर यजमानाने बोलावलेला व्हिडिओवाला उभा असतो, आणि माझ्या मते या कथेतला सर्वांत दुर्लक्षित माणूस तोच आहे. त्याने केलेले चित्रीकरण आठवण म्हणून यजमानाला मिळत असेच, पण त्याच्या प्रती व्हीसीडीवर चढून आठवडी बाजारातही पोहोचत असत. इनुल दारातिस्ता हे नाव देशभर झाले ते याच वाटेने. पासुरुआनकडची ही गायिका कंबर गरागरा फिरवत असे आणि त्या नाचाला लोकांनी भोक पाडण्याच्या यंत्राचे नाव दिले होते. २००३ साली जकार्ताच्या वाहिन्यांनी तिला डोक्यावर घेतले खरे, पण त्याआधीच मांडवातल्या तिच्या कार्यक्रमांच्या चोरट्या व्हीसीडी बेटाबेटांवर फिरत होत्या. दंगडूतचे अनभिषिक्त राजे मानले जाणारे रोमा इरामा यांनी तिच्या नाचाचा जाहीर निषेध केला, धर्मगुरूंनी नाके मुरडली, आणि पुढे २००८ साली अश्लीलताविरोधी कायदा येईपर्यंत चाललेल्या वादात तिचे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले गेले. आज ज्याला आपण ‘व्हायरल’ म्हणतो त्याची सारी लक्षणे इथे आहेत: कोणत्याही कंपनीच्या परवानगीविना, हौशी कॅमेऱ्याने टिपलेले, हातोहात पसरलेले आणि शेवटी राजधानीला दखल घ्यायला लावणारे. यूट्यूबचा मात्र तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये बांडुंगच्या दोन विद्यार्थिनींनी एका चटकदार कोप्लो गाण्यावर नुसते ओठ हलवून, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर मान डोलावत व्हिडिओ केला आणि त्या रातोरात प्रसिद्ध झाल्या. २०११ मध्ये सुलावेसीच्या गोरोंतालोमधला नॉर्मन कामारू नावाचा सशस्त्र पोलीस दलातला जवान ‘छैया छैया’वर अभिनय करताना दिसला. हा व्हिडिओ आजही पाहण्यासारखा आहे. पूर्ण गणवेशातला हा माणूस पहाऱ्याच्या चौकीत बसल्या जागी डोळे, भुवया आणि खांदे यांनी सारे गाणे उभे करतो, आणि शेजारचा सहकारी जणू काही घडतच नाही अशा चेहऱ्याने बसून असतो. वरिष्ठांनी आधी शिस्तभंगाची भाषा केली. लोकांनी नॉर्मनची बाजू घेतल्यावर त्यालाच मिरवायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या अखेरीस मात्र कामावर गैरहजर राहिल्याच्या कारणावरून त्याला बडतर्फ करण्यात आले, गाण्यातली कारकीर्द फार चालली नाही, आणि पुढे तो जकार्तात पेजेचे दुकान चालवत असल्याच्या बातम्या आल्या.

मग २०१७ च्या सुमारास केदिरीची नेल्ला खारिस्मा आणि सिदोआर्जोची व्हिया वालेन या दोघींचे मंचावरचे व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्यांतले कित्येक व्हिडिओ म्हणजे स्टुडिओतली चित्रफीत नसून वाद्यवृंदाच्या जाहीर कार्यक्रमाचे चित्रीकरणच होते. तोच व्हिडिओवाला, फक्त व्हीसीडीच्या जागी आता वाहिनीचे नाव. १८ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तातल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात व्हिया वालेन गायली, तेव्हा मांडवातली गायिका राष्ट्राच्या मुख्य मंचावर आली होती. आणि सावेर? खेळ खेळत लाइव्ह बसणाऱ्या तरुणांना प्रेक्षकांकडून पैसे मिळावेत म्हणून २०१९ च्या सुमारास जी इंडोनेशियन सेवा सुरू झाली तिचे नावच ‘सावेरिया’ आहे. पैसे पाठवले की पाठवणाऱ्याचे नाव आणि निरोप पडद्यावर झळकतो व मोठ्याने वाचलाही जातो. मांडवातल्या निवेदकाचे काम यंत्राने उचलले आहे.

ठेकेदार

विषय आवडीचा, कारण दंगडूतकडे मी तबल्याच्या वाटेने पोहोचलो. मूळ लेखात एक धागा सुटला आहे, तो जोडतो. या संगीताची आधीची पिढी म्हणजे ऑर्केस मलायू हे वृंद, आणि त्यांनी १९५० च्या दशकापासून हिंदी चित्रपटगीतांच्या चाली, ठेके आणि हरकती मोकळ्या हाताने उचलल्या. एल्या खादाम या गायिकेच्या गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘भारतातली बाहुली’ असा आहे. १९४६ साली तासिकमालाया इथे जन्मलेल्या रोमा इरामा यांनी १९७० च्या दशकात यात विद्युत गिटार आणि रॉकचा दणका मिसळला, सोनेता हा वृंद उभा केला आणि गाण्यांतून इस्लामी सदाचार सांगायला सुरुवात केली. एल्वी सुकाएसिह यांना ‘राणी’ हा किताब लोकांनी दिला तो त्याच काळात. म्हणजे दंगडूतमध्ये उपदेश आणि कंबर यांची ओढाताण इनुलच्या आधीपासून आहे.

चालींचे हे देणेघेणे एकाच पिढीत आटोपले असे मात्र नाही. सुराबायात जन्मलेले सिंधी कुटुंबातले राम पंजाबी यांनी खासगी वाहिन्यांच्या काळात मालिकांचा मोठा कारखाना उभा केला, आणि त्याच घराण्यातल्या मनोज पंजाबी यांच्या कंपनीने पुढे चित्रपट व वेबमालिका यांत बस्तान बसवले. २०१४ साली एएनटीव्ही या वाहिनीने आपल्याकडची ‘महाभारत’ ही मालिका इंडोनेशियन भाषेत दाखवली, तेव्हा कलाकारांना जकार्तात नेऊन कार्यक्रम करावे लागले, इतकी मागणी होती. अर्जुनाची भूमिका करणारा शाहीर शेख तर तिथल्या चित्रपटांत आणि मालिकांत कामे करू लागला. ज्या जावात वायांगच्या छायानाट्यातून अर्जुन घराघरांत शतकानुशतके वावरतो आहे, तिथे हा अर्जुन परका वाटण्याचे कारणच नव्हते. गोरोंतालोच्या जवानाने ‘छैया छैया’ निवडले याचेही म्हणून मला नवल वाटत नाही.

सरळरेषा

धागालेखकांची मांडणी वाचायला छान आहे, पण ती जरा जास्तच गावरान झाली आहे असे नम्रपणे सुचवतो. इंडोनेशियातला पैसा, प्रसिद्धी आणि प्रेक्षक यांची घडी जकार्ताच्या दूरचित्रवाणीने बसवली, आणि ऑनलाइन जगातले सर्वांत मोठे खेळाडू तिथूनच आले आहेत. टीव्हीआरआय या सरकारी वाहिनीची मक्तेदारी १९८९ मध्ये आरसीटीआय सुरू झाल्यावर मोडली, आणि पुढच्या काही वर्षांत एससीटीव्ही, तेपेई, एएनटीव्ही, इंदोसियार अशी रांग लागली. या वाहिन्यांनी नटनट्यांच्या खासगी आयुष्यावरचे कार्यक्रम सकाळ-संध्याकाळ दाखवून लोकांना जी चटक लावली, तीच आज यूट्यूबवर भागवली जाते.

उदाहरण म्हणून दूरचित्रवाणीवरचा निवेदक आणि नट राफी अहमद पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे आणि नागिता स्लाव्हिनाचे लग्न ट्रान्स टीव्हीने दोन दिवस तासन्‌तास थेट दाखवले. सार्वजनिक लहरी एका घरच्या कार्यासाठी वापरल्याबद्दल प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, प्रसारण आयोगाने कान उपटले, पण व्हायचे ते होऊन गेले. पुढे या जोडप्याने स्वतःचे संसारनाट्य यूट्यूबवर आणले, त्यातून कंपनी उभी राहिली, २०२१ मध्ये त्यांनी फुटबॉल संघही घेतला, आणि २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांनी राफीला युवक आणि कलाकार यांच्यासाठीचा विशेष दूत नेमले. जादूचे प्रयोग करून नाव कमावलेला डेडी कॉर्बुझियर दूरचित्रवाणीवरच्या गप्पांकडून पॉडकास्टकडे वळला. त्याला २०२२ मध्ये लेफ्टनंट कर्नल ही मानद पदवी मिळाली, तीही संरक्षणमंत्री असलेल्या प्राबोवो यांच्याच हस्ते.

‘अट्टा हालिलिंतार तर थेट यूट्यूबवर मोठा झाला’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, २०१९ मध्ये एक कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारा तो आग्नेय आशियातला पहिला यूट्यूबर ठरला. पण ३ एप्रिल २०२१ रोजी गायक कुटुंबातल्या ऑरेल हर्मान्स्याहशी त्याचे लग्न झाले, ते पुन्हा आरसीटीआयवर थेट दाखवले गेले, राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आणि प्राबोवो साक्षीदार म्हणून बसले, आणि राज्य सचिवालय मंत्रालयाने अधिकृत खात्यावरून त्याची बातमी दिल्यामुळे, साथीच्या काळात सरकारला हेच सुचते का, अशी टीका झाली. यात कोप्लोचा मंच कुठे आहे, ते मला दाखवून द्यावे.

पूर्वकिनारा

सरळरेषा, तुमची उदाहरणे बिनतोड आहेत, आणि जकार्ताच्या बड्या घराण्यांचा हिशेब माझ्या मांडणीत बसत नाही हे मान्य. मात्र त्यांची भाषा कोणती, ते पाहा: जकार्ताच्या धाटणीची इंडोनेशियन. सुहार्तो यांच्या राजवटीत आणि नंतरच्या खासगी वाहिन्यांवरही जावानीजसारख्या भाषा म्हणजे विनोदापुरत्या, नोकराणीच्या नाहीतर रखवालदाराच्या तोंडी घालायच्या, अशी वाटणी होती. सुमारे आठ कोटी लोकांच्या या भाषेला ऑनलाइन व्हिडिओने जे स्थान दिले ते राजधानीने कधीच दिले नसते.

दीदी केंपोत यांचेच पाहा. मध्य जावातल्या सोलो शहराचा हा गायक जकार्ताच्या पदपथांवर गाऊन वर आला. त्याची जावानीज विरहगीते १९९० च्या दशकापासून जावात आणि दूर सुरिनाममधल्या जावानीज वस्तीत ऐकली जात होती, पण राष्ट्रीय वाहिन्यांच्या लेखी तो प्रांतिक कलाकारच राहिला. २०१९ मध्ये एका यूट्यूब मुलाखतकाराने सोलोत प्रेक्षकांसमोर त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि त्यात विशी-पंचविशीची मुले त्याची गाणी शब्दन्‌शब्द म्हणत रडताना दिसली. ‘सोबात अंब्यार’, म्हणजे उद्ध्वस्त झालेल्यांची मित्रमंडळी, असे नाव या चाहत्यांनी स्वतःच घेतले, आणि त्याला ‘तुटलेल्या हृदयांचा गॉडफादर’ ही पदवी दिली. दारुण दुःखात हात वर करून ठेका धरायचा, ही मात्र सरळ कोप्लोची शिकवण. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत त्याने घरून केलेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला अब्जावधी रुपिया जमले. पुढच्याच महिन्यात, ५ मे रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला.

दुसरे उदाहरण गाण्याचे नाही. ‘तिलिक’ हा योग्याकार्तातल्या मंडळींनी २०१८ मध्ये केलेला लघुपट, दिग्दर्शक वाह्यू आगुंग प्रासेत्यो, आणि पैसा प्रांताच्या सांस्कृतिक खात्याचा. गावातल्या बायका उघड्या ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या राहून, रुग्णालयात दाखल झालेल्या सरपंचबाईंना भेटायला शहरात निघाल्या आहेत, एवढेच कथानक. अर्धा तास ट्रक चालतो आणि अर्धा तास बू तेजो नावाची बाई दियान या तरुण मुलीच्या चारित्र्यावर बोलत राहते, मोबाईल पुढे करून फेसबुकवरचे फोटो पुराव्यादाखल दाखवते, आणि मुलीची बाजू घेणाऱ्या एकुलत्या एक बाईला जेरीस आणते. हौद्यात माणसे भरली म्हणून पोलीस ट्रक अडवतो, तर बू तेजो त्यालाही पळता भुई थोडी करते. सिती फौझियाहने ही बाई इतकी हुबेहूब वठवली आहे की आपण तिच्यावर चिडतो आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाटही पाहतो. शेवट मुद्दाम सांगत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो यूट्यूबवर चढवल्यावर, हा चित्रपट बायकांना बदनाम करतो की अफवेची नस पकडतो, यावर कित्येक दिवस देशभर वाद चालला. संपूर्ण जावानीज संवादांचा, नामवंत नट नसलेला लघुपट कोणत्या वाहिनीने मुख्य वेळेत दाखवला असता?

मीठभाकर

या चर्चेत सावेरचे वर्णन जरा कौतुकाने होत आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू मांडणे भाग आहे. जानेवारी २०२३ मध्ये टिकटॉकवर लोंबोक बेटावरचे काही लाइव्ह व्हिडिओ गाजले. गढूळ पाण्याच्या डबक्यात एक वृद्ध स्त्री बसलेली असे आणि हातातल्या भांड्याने चिखलाचे पाणी सावकाश डोक्यावरून ओतून घेत असे. कुडकुडत, क्वचितच काही बोलत, तासन्‌तास. पडद्यावर गुलाब, टोप्या आणि इतर आभासी भेटवस्तू तरंगत जात. त्या वस्तूंचे पुढे पैसे होतात, ज्यातला मोठा वाटा कंपनी ठेवून घेते. भेट आली की पाणी ओतायचे, पुन्हा भेट आली की पुन्हा ओतायचे. समाजकल्याणमंत्री त्री रिस्माहारिनी यांनी भीक मागण्याचा हा ऑनलाइन प्रकार थांबवण्यासाठी प्रांतप्रमुखांना परिपत्रक धाडले. त्यावर व्हिडिओ करणाऱ्यांकडून आणि काही आजीबाईंकडूनही आलेले उत्तर असे की कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि शेतमजुरीपेक्षा यात अधिक मिळते.

मांडवातली गायिका देणाऱ्याचा चेहरा पाहू शकते. तो अंगचटीला आला तर ती दोन पावले मागे सरकते, निवेदक मध्ये पडतो, यजमानाला गावात अब्रू असते. तिथेही गायिकांना सोसावे लागते, हे मी नाकारत नाही. पण डबक्यातल्या आजीबाईला समोर कोण आहे ते दिसत नाही आणि थांबा म्हणणाराही कोणी नाही. धागालेखक म्हणतात की निवेदकाचे काम यंत्राने उचलले. नाव पुकारण्याचे काम उचलले असेल, मध्ये पडण्याचे नाही.

याच पठडीतला आणखी एक प्रकार म्हणजे गरिबांना मदत करतानाचे आणि त्यांची खोडी काढतानाचे व्हिडिओ. मे २०२० मध्ये, ऐन रमजानात, बांडुंगच्या एका यूट्यूबरने रस्त्यावरच्या तृतीयपंथीयांना मदतीची खोकी म्हणून कचरा आणि विटा भरलेली खोकी वाटली. लोक खवळले, तो फरार झाला, नंतर पकडला गेला. व्हिडिओ पाहणारेही पुष्कळ होते, हे विसरता येत नाही.

ठेकेदार

मालकीचा मुद्दा मूळ लेखात ओझरताही आलेला नाही. मांडवात कोणाचे गाणे कोण गातो याची फिकीर कोणी करत नाही, आणि ही सवय जशीच्या तशी यूट्यूबवर आली. एक गाणे गाजले की महिन्याभरात दहा गायिकांचे दहा व्हिडिओ येतात, आणि मूळ गीतकार कोण हे शोधावे लागते. व्हिया वालेनला घरोघरी पोहोचवणाऱ्या गाण्याची चाल किरोरो या जपानी जोडीच्या १९९८ सालच्या गाण्याशी हुबेहूब जुळते. २०१८ मध्ये बालीच्या ‘सुपरमॅन इज डेड’ या रॉक वृंदाच्या जेरिंक्सने, आमचे गाणे न विचारता आणि त्यातला आशय न समजता मंचावर गायले जाते, म्हणून तिच्यावर जाहीर आगपाखड केली. तो भांडकुदळ आहे हे खरे, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता.

१७ ऑगस्ट २०२२ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर बान्युवांगीच्या फारेल प्रायोगाने, बारा वर्षांच्या मुलाने, ‘ओजो दिबांदिंगके’ हे जावानीज गाणे म्हटले. रस्त्यावर गाणारा हा पोरगा यूट्यूबवरून पुढे आला होता. कडक गणवेशातले अधिकारी आणि पारंपरिक वेशातले मंत्री खुर्च्या सोडून नाचू लागले. गाणे त्याचे नव्हते. ते आबाह लाला यांचे. काही दिवसांतच कायदा मंत्रालयाने या मुलाला विद्यार्थ्यांसाठीचा बौद्धिक संपदा दूत नेमले. दुसऱ्याचे गाणे गाऊन मोठ्या झालेल्या मुलाला हे पद देण्यात मंत्रालयाला काही विनोद दिसला असेल, असे वाटत नाही.

आता मात्र हिशेब कडक होऊ लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये जकार्ताच्या व्यापारी न्यायालयाने प्रसिद्ध गायिका आग्नेझ मो हिने गीतकाराच्या परवानगीविना त्याचे गाणे तीन कार्यक्रमांत गायले म्हणून दीड अब्ज रुपिया भरायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निकाल फिरवला. त्याच सुमारास स्वामित्वधनाच्या धास्तीने कित्येक उपाहारगृहांनी गाणी बंद करून पक्ष्यांची किलबिल लावली, आणि वसुली करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रित किलबिलीचेही पैसे द्यावे लागतील असे बजावले.

जुनाखलाशी

नोकरीनिमित्त काही वर्षे सुराबायात राहिलो असल्यामुळे, ‘साउंड होरेग’चे नाव इथे अजून कसे निघाले नाही, याचे आश्चर्य वाटते. पूर्व जावात ट्रकवर ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचून मिरवणुका काढतात, समोर पथके नाचतात आणि दोन्ही बाजूंना मोबाईल उंचावलेले असतात. आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो छातीत आणि पोटात बसतो. वाटेतल्या घरांची कौले सरकतात, काचा तडकतात. ट्रक जाण्याइतकी जागा नाही म्हणून पुलाचे कठडे तोडल्याचे व्हिडिओही पाहिले आहेत. हे सर्व गावातल्या वर्गणीवर चालते, आणि प्रत्येक ध्वनिसंचाच्या मालकाचे चाहते वेगळे असतात. जुलै २०२५ मध्ये पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने, इतरांना उपद्रव होईल असा साउंड होरेग निषिद्ध ठरवला. ऑगस्टमध्ये राज्यपाल, पोलीस आणि लष्कर यांनी मिळून मर्यादा घातली: एका जागी उभ्या कार्यक्रमाला १२० डेसिबल, फिरत्या मिरवणुकीला ८५.

त्याच महिन्यात हा साउंड होरेग राजकारणात कसा घुसला ते सांगतो. १५ ऑगस्टला संसदेच्या वार्षिक अधिवेशनात वाद्यवृंद वाजू लागला आणि काही खासदार नाचले. खासदारांना दरमहा पाच कोटी रुपिया घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे जकार्ताच्या किमान वेतनाच्या जवळपास दहापट, ही बातमी त्याच सुमारास पसरली होती. नाचणाऱ्यांत एको पात्रियो हा विनोदी नट होता आणि उया कुया हा दूरचित्रवाणीवरचा जादूगार-निवेदकही. टीका सुरू झाल्यावर एको पात्रियोने स्वतः साउंड होरेग चालवणाऱ्याच्या सोंगात व्हिडिओ केला आणि आगीत तेल ओतले. २०२२ मध्ये प्रासादात मंत्री नाचले तेव्हा देश कौतुकाने हसला होता, आणि तीन वर्षांनी तोच प्रकार अंगाशी आला. मांडवात नाचणारा माणूस खिशातून नोटा काढत असतो, आणि संसदेत नाचणाऱ्यांचा खिसा लोकांनी भरलेला होता. माझ्या मते चीड त्याची होती.

२८ ऑगस्टला जकार्तात आंदोलनादरम्यान पोलिसांच्या चिलखती गाडीखाली मोटारसायकलवरून प्रवासी आणि जेवण पोहोचवणारा एक तरुण सापडून मरण पावला, आणि वणवा पेटला. पुढच्या दोन-तीन दिवसांत एको पात्रियो आणि उया कुया यांच्यासह काही खासदारांची घरे लुटली गेली.

सरळरेषा

खलाशीबुवा, एक पुस्ती जोडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेच्या नीतिसमितीने या प्रकरणांचा निर्णय दिला. उया कुया यांनी आचारसंहितेचा भंग केलेला नाही असे ठरले आणि त्यांना संसदेच्या कामात परत घेण्यात आले. एको पात्रियो यांना चार महिने निलंबित करण्यात आले. भत्ता वाढला या आनंदात ते नाचत होते, हा सरळ जोडलेला अर्थ खरा नव्हता. नाचाच्या चित्रफितीला भत्त्याचा मथळा जोडणारे संपादित तुकडेच सर्वांत वेगाने फिरले. धागालेखकांच्या व्हिडिओवाल्याला निदान एक बंधन होते की मांडवात जे घडले तेच तो टिपायचा. तुकडे जोडून नवा प्रसंग घडवणारा हा माणूस मांडवातून आलेला नाही. तो बातम्यांच्या आणि गावगप्पांच्या कार्यक्रमांतून आला आहे, असे माझे म्हणणे अजूनही कायम आहे.

पूर्वकिनारा

तुमचा मुद्दा ‘तिलिक’मधल्या बू तेजोलाही लागू पडतो, आणि ती तर ट्रकच्या हौद्यातच उभी होती, त्यामुळे तो माणूस फक्त वाहिन्यांतूनच आला, हे मला अजून पटत नाही.

खलाशीबुवांच्या हकिकतीत एक गोष्ट राहिली. ३० ऑगस्टच्या रात्री टिकटॉकने इंडोनेशियातली लाइव्ह सोय आपण होऊन बंद केली आणि ती काही दिवस बंदच राहिली. आंदोलनाचे थेट चित्रण थांबले, याची चर्चा जगभर झाली. पण रात्री कपडे, सुकी मासळी किंवा सौंदर्यप्रसाधने लाइव्हवर विकणारे छोटे दुकानदार आणि घरातल्या कोपऱ्यात कोप्लो गाऊन भेटी मिळवणाऱ्या गायिका यांची त्या दिवसांची कमाई पार बुडाली. मांडवाची परवानगी गावचा मुखिया आणि पोलीस ठाणे देते, हे त्या गायिकांना ठाऊक असते. ही सोय मात्र कोणाच्या सांगण्यावरून बंद झाली आणि कधी उघडेल, हे विचारायला त्यांच्याजवळ कोणाचा पत्ता नव्हता. या बाजूचे कोणी काही वाचले असेल, विशेषतः जावानीजमधले, तर इथे जरूर लिहावे.